घरचे कोण, बाहेरचे कोण

सांता लुसियाच्या डोंगरात त्या सकाळी सुतारपक्ष्यांनी असा काही धिंगाणा घातला होता, की पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या इनेसचं डोकं चालेनासं झालं. वठलेल्या ओकच्या खोडाला असंख्य भोकं, भोकाभोकांत ओकची फळं ठासून भरलेली, आणि त्या कोठारासाठी हे रणकंदन. कोठार एका कुटुंबाचं; त्या घरचा कर्ता नर मेला की असंच होतं. आजूबाजूचे नर जागा बळकावायला येतात, आणि ज्यांना काही घेणंदेणं नाही तेही तमाशा बघायला दाटीवाटीने बसतात. घरची एकच मादी मागे राहिली होती. ती या गोंधळात होती, की तीही गेली?

झाड अर्विनच्या गोठ्यावर झुकलेलं, म्हणून त्याला ते पाडायचं होतं. घरचं एक जरी पाखरू असलं तरी करवत लावणार नाही, असा त्याचा इनेसला शब्द. कुणी उरलं नाही की खरं सांगेन, असा तिचा त्याला.

"काय गं, यातले घरचे कोण?" म्हाताऱ्या अर्विनने विचारलं. झाड ओढायचा दोर आधीच ट्रॅक्टरला बांधून झाला होता.

"थांबा हो जरा! मलाच काही कळत नाहीये."

"इतकी वर्षं दुर्बीण लावून बसलीस ना? मी माझ्या गायी नुसत्या हंबरण्यावरून ओळखतो."

"तुमच्या गायी एका जागी उभ्या तरी राहतात!"

घरच्या मादीच्या डाव्या पायात ओळखीसाठी घातलेलं लाल कडं होतं, उजव्यात पांढरं. शेजारच्या रानातल्या एकीला नेमकं उलटं. तेवढ्यात शेंड्यावर एक मादी येऊन बसली. इनेसने दुर्बीण रोखली. लाल कडं उजवीकडे. म्हणजे शेजारची. मग घरची कुठे? तिने सगळ्या फांद्या पुन्हा धुंडाळल्या. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण शब्द म्हणजे शब्द.

"घरचं कुणी नाही," ती कशीबशी म्हणाली.

करवत घरघरू लागली. पक्षी भुर्रकन उडाले. एकटी ती शेंड्यावरची मादी तेवढी खाली उतरली आणि खोडाला चिकटून बसली, इनेसकडे पाठ करून. लाल कडं आता डावीकडे दिसत होतं.

इनेसच्या चूक लक्षात आली. खोडावरचा पक्षी कायम पाठमोरा, त्याचा डावा तो आपला डावा. वर्षानुवर्षं डोळ्यांना तीच सवय. मघाशी शेंड्यावर मादी इनेसकडे तोंड करून बसली होती.

ती ओरडत धावली. अर्विनने करवत बंद केली.

"घरचीच आहे ती! चुकले मी, डावं-उजवं उलटं वाचलं!"

अर्विनने खोडाकडे पाहिलं. करवत निम्म्याच्या पुढे गेली होती.

"आता असंच ठेवलं तर वाऱ्याने गोठ्यावर येईल, पोरी. आत जनावरं आहेत. तू म्हणालीस म्हणून लावली मी."

इनेसला स्वतःचा इतका राग आला की रडूच फुटलं.

"पाडा," ती म्हणाली.

वर एक परका नर पुन्हा येऊन चोच मारू पाहत होता. मादीने त्याला हुसकावून लावलं आणि ती कोठार राखत बसली.