वास सुटला की उतरव

कांदा तिसऱ्यांदा करपला तेव्हा कारखान्याच्या मुकादमाने दोघी जावांच्या खानावळीतून आलेलं सूपचं पातेलं परत पाठवलं. निरोप तोंडी होता: उद्याही कडू आलं तर जेवण दुसरीकडून मागवू.

"तुला साधा कांदा परतता येत नाही?" थोरली जाऊ म्हणाली. "उद्या तू भांडी घास. शेगडीकडे फिरकू नकोस."

धाकटीचं डोकं फिरलं. "तुम्हीच सांगितलंत ना, वास सुटला की उतरव? कसला वास? कच्चा सुटतो, गोडसर सुटतो, जळका सुटतो. मी नेमक्या कुठल्या वासाला उठून उभी राहू?"

"ते कळतं गं आपोआप."

"मला नाही कळत. करून दाखवा. आत्ता."

थोरलीने तणतणत कांदा चिरला, पातेल्यात टाकला आणि जाता जाता भिंतीवरचा पंखा बंद केला. धुराने दोघींचे डोळे झोंबू लागले. धाकटी पातेल्यावर वाकून हुंगत राहिली. थोरली मात्र पाठ करून पाव कापत होती. मध्येच तिचा हात थांबला. ती वळली आणि तिने पातेलं उतरवलं. कांदा मधासारखा झाला होता.

"तुम्ही वास घेतलाच नाही!"

"मला कुठे येतो? त्या आजारपणात गेला तो गेलाच. कांद्यातलं पाणी सरलं की चुरचुर मंदावते. तेव्हा उतरवायचं."

"अहो, मग मला वासाचं का सांगितलंत?"

"सासूबाईंनी मला तसंच सांगितलं होतं."

"आणि तुम्ही ते जसंच्या तसं माझ्या गळ्यात मारलंत! वर मलाच भांडी घासायला बसवताय! त्या पंख्याच्या घरघरीत मला काय डोंबल ऐकू येणार होतं?"

थोरलीने पदराने डोळे पुसले. ते धुराने होतं की आणखी कशाने, हे धाकटीने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीने पंखा बंद ठेवून कांदा परतला. पातेलं रिकामं परत आलं. मुकादमाने आणखी मागितलं होतं.

"घे बाई, शेगडी तुझीच," थोरली म्हणाली. "आता पावाचं पीठ शिकवते. ते कसं, हाताला जरा मऊसर लागलं की..."

"जाऊबाई, एक शब्द बोलू नका," धाकटी म्हणाली. तिने परात थोरलीपुढे सरकवली. "मळा."