निळ्या गाडीचा गिअरबॉक्स

निळी गाडी गॅरेजच्या चढावर आली ती बोंबलतच. इंजिन जीव तोडून ओरडत होतं आणि चाकं उपकार केल्यासारखी फिरत होती. उस्तादाने हातातला पाना खाली ठेवला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुखणी काढण्यात त्याचा जन्म गेला होता. इंजिन पळतं आणि गाडी पळत नाही, म्हणजे आतले क्लच घसरतायत. हे कळायला त्याला बघायचीही गरज नव्हती.

गाडीतून त्याची ताई उतरली आणि दुसऱ्या बाजूने भाऊजी. भाऊजींचं तोंड गाडीच्या आधीच सुरू झालेलं.

"फसवलं मेव्हण्या, त्या दलालाने फसवलं! सडका माल गळ्यात मारला. तू फक्त सांग गिअरबॉक्स आधीपासूनच खराब होता, मग बघ त्याची कशी सालटी काढतो."

"घेताना मीच बघितली होती की," उस्ताद म्हणाला. "बॉक्स ठणठणीत होता. तेलही मीच बदललं."

"मग तूच फसवलंस," ताई म्हणाली आणि हसली. "ठोंब्या, काय करायचं ते कर, पण रविवारच्या आत दे. छकुली वाट बघते."

छकुली म्हणजे ताईची मुलगी. केस पिकायला लागले तरी छकुलीच. तिचं मन लहानपणीच कुठेतरी थांबलं होतं. घरी सांभाळणं जमेना तेव्हा तिला संस्थेत ठेवली. ही संस्था शहराबाहेर, डोंगरापलीकडे. असल्या माणसांना लांबच ठेवतात, येताजाता कुणाच्या नजरेला पडून जेवण कडू व्हायला नको. रविवारी तिकडे बस नाही. का नाही, हे विचारायला गेलेल्या ताईला खिडकीतल्या बाबूने "मागणी नाही" असं सांगितलं होतं. म्हणून ही जुनी गाडी घेतली. छकुलीला वार कळत नव्हता, घड्याळ कळत नव्हतं. निळी गाडी कळत होती. फाटकाशी उभी राहायची आणि वळणावर निळं दिसलं की टाळ्या पिटायची.

उस्तादाने बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सचं तेल मापायची काडी ओढली, नाकाशी नेली. करपलेला वास. लाल असायला हवं ते तेल काळं पडलेलं. एवढ्यात असं व्हायला गाडीने डोंगर ओढायला हवेत. मग त्याने चाकं बघितली. पुढचे ब्रेकपॅड जवळजवळ नवेच होते. हँडब्रेकची वायर मात्र ओढून ओढून लोंबत होती. तो आत डोकावला. अॅक्सिलरेटरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, ब्रेकच्या रबरावरची नक्षी जशीच्या तशी.

तो बराच वेळ त्या दोन पेडलांकडे बघत उभा राहिला.

"चला भाऊजी, एक चक्कर मारू. तुम्हीच चालवा. ताई, तू चहा घे."

ताईच्या जागेवर उस्ताद बसला. भाऊजी सगळ्या रस्ताभर दलालाच्या सात पिढ्या उद्धरत होते. चढावरच्या सिग्नलला गाडी थांबली, पण भाऊजींचा पाय ब्रेकवर गेला नाही. अॅक्सिलरेटर हलका दाबून त्यांनी गाडी चढावर तोलून धरली. आत क्लच जळत होते, वास वर येत होता. ऑटोमॅटिक गाडी मारायची असेल तर ह्याच्यासारखा उपाय नाही.

"ब्रेक लावा ना भाऊजी."

"अरे, गाडी उभी आहे ना? मग?"

उतारावर एक बाई मुलाची बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडायला उतरली. भाऊजींचा पाय हलला नाही. त्यांनी उजव्या हाताने गुडघ्यावरची पँट मुठीत धरली आणि पाय उचलायला गेले. पाय आला नाही. उस्तादाने हँडब्रेक खेचला. गाडी ओरडून आडवी झाली. बाईने एक सणसणीत शिवी दिली, आणि बरोबर दिली.

 भाऊजींच्या पँटचं गुडघ्यावरचं कापड धरून धरून चमकायला लागलं होतं. ते आता उस्तादाला दिसलं.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "डॉक्टर म्हणतो शीर गेली. दुसरा पायही जाणार म्हणतो. मेव्हण्या, तिला सांगू नकोस. पोरीच्या वेळेला ती कशी झाली होती, तू बघितलंयस. आता पुन्हा नवऱ्याकडे बघत बसेल. गाडी गेली म्हण. पाय गेला म्हणू नकोस."

"आणि गाडी नीट झाली तर?"

"तर मी चालवणार. छकुलीकडे न जाता मला राहवेल का?" हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की उस्तादाला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि रडावंसंही वाटलं.

गॅरेजवर परत आल्यावर त्याने ताईला सांगितलं, "बॉक्स गेला. होणार नाही."

साफ खोटं. क्लचच्या प्लेटा बदलल्या की गाडी पुन्हा हसतखेळत पळाली असती.

"होणार नाही? तुझ्याकडून?" ताईचा विश्वास बसेना. "अख्खं शहर टाकून दिलेले बॉक्स तुझ्याकडे आणतं. सख्ख्या बहिणीचाच होणार नाही?"

"नाही होणार."

"मग उद्या दुसऱ्याला दाखवते. चौकातला तो करेल."

आणि तो करणार होता. उस्तादाच्याच हाताखाली शिकलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उस्ताद रात्रभर गॅरेजवर राहिलेल्या निळ्या गाडीत बसला. गिअरबॉक्स तपासायची एक रीत असते. डाव्या पायाने ब्रेक गच्च दाबायचा, गिअर टाकायचा, उजव्याने अॅक्सिलरेटर तळाला न्यायचा आणि इंजिन कुठवर चढतं ते बघायचं. श्वास रोखता येईल तेवढाच वेळ, मग लगेच पाय उचलायचा. नाहीतर बॉक्स आतल्या आत जळून जातो. शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्याने हे आईवरून शिव्या घालून शिकवलं होतं.

त्याने पाय उचलला नाही.

इंजिन किंचाळलं. खालून धूर आला. शेजारचा पंक्चरवाला धावत आला, "उस्ताद, अहो पाय! पाय काढा!" तो काढेना. मग आत काहीतरी तुटलं आणि इंजिन एकदम हलकं झालं, कशालाच बांधलेलं नसल्यासारखं. त्याने पुढचा गिअर टाकला, मागचा टाकला. गाडी जागची हलली नाही. एकही बॉक्स त्याने असा मारला नव्हता. भाऊजींना ज्याला वर्ष लागलं, ते त्याने चहा थंड व्हायच्या आत केलं.

चौकातल्याने बॉक्स खोलून मान हलवली. भंगारवाला गाडी घेऊन गेला.

रविवारी उस्तादाने आपली पांढरी व्हॅन काढली. भाऊजी मागे बसले. ताई पुढे. ती उस्तादाशी बोलत नव्हती.

छकुली फाटकाशी उभीच होती. व्हॅन तिच्यासमोर थांबली. तिने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि पुन्हा मान वळवून रस्त्याकडे.

"निळी," ती म्हणाली.

"अगं, आलो ना आम्ही," म्हणत भाऊजी पाय ओढत तिच्याकडे गेले. तिने त्यांचा हात बाजूला सारला. त्यांच्या आडून तिला रस्ता दिसत नव्हता.

ताई व्हॅनपाशीच थांबली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ठोंब्या, मी रोज त्यांच्या शेजारी बसते. हाताने पाय उचलताना मला दिसत नसेल का?"

उस्तादाने मान वळवून भाऊजींच्या पायाकडे बघितलं.

"म्हणूनच तुझ्याकडे आणली होती रे. म्हटलं, तू नीट करशील, मग किल्ली तुझ्याकडेच ठेवेन. रविवारी तू चालवशील. त्यांना काहीतरी सांगितलं असतं मी."

 गाडी उस्तादाच्या हातात होती, चालवणारा तो होता, आणि त्याला सुचलं काय, तर बॉक्स मारणं. जन्मभर बॉक्सच बघणाऱ्याला दुसरं काय सुचणार होतं?

"छकुली, ये ना गं," ताईने हाक मारली.

वळणावरून एक गाडी आली. छकुलीचे हात टाळीसाठी वर गेले. गाडी लाल होती. ती निघून गेली तरी हात तसेच राहिले.