चिंबोरीचे आवाज

चिंबोरी प्रकाशन बंद होतंय हे नंदकुमार गुरवांना वाचकांच्या दोन दिवस आधी कळलं. चिंबोरी चालवणाऱ्या क्षिप्राने त्यांना नेरूळच्या ऑफिसात बोलावून घेतलं, चहा मागवला आणि आढेवेढे न घेता सांगून टाकलं. जपानी कंपन्यांबरोबरचे करार मार्चअखेर संपत होते आणि ते पुन्हा करणं तिला झेपणारं नव्हतं. सात वर्षांत तिने मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, चार मालिका मराठीत आणल्या होत्या. चार मालिकांचे मिळून एकतीस भाग. चौथी मालिका बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणींची होती, तिचे अजून दोन भाग यायचे राहिले होते. ते आता मराठीत येणार नव्हते.

नंदकुमार बरं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की बहिणींच्या दहाव्या भागाचे आवाज आपण करून ठेवलेत, ते फाडून टाकायचे का. क्षिप्राला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

नंदकुमारांचं तिथलं काम आवाजांचं होतं. मांगामध्ये दार आपटलं, काच फुटली, पोटात कावळे कोकलले, की तो आवाज चित्रातच मोठ्या अक्षरांत काढलेला असतो. भाषांतर करणाऱ्या मैत्रीला संवाद सहज जमायचे, पण आवाजांशी आली की ती अडायची. सात वर्षांपूर्वी एकदा पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला नंदकुमार ऑफिसच्या खालच्या दुकानात उभे होते. जिन्यात मैत्री आणि क्षिप्रा जहाजाच्या लोखंडी दारावरून वाद घालत होत्या. मैत्रीने 'धडाम' लिहिलं होतं. नंदकुमार तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात तेहतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. नळीला बारीक भोक पडलं तर दाबाच्या काट्याआधी त्यांच्या कानाला कळायचं. न राहवून ते म्हणाले, लोखंडी दार धडाम करत नाही, धडाम लाकडाचं. लोखंड 'घण्ण' करतं. आणि कडेला रबर लावलेलं असेल तर नुसतं 'धप'.

दुसऱ्या दिवशी क्षिप्रा त्यांच्या सोसायटीत हजर.

तेव्हापासून एकतीस भागांतला प्रत्येक आवाज त्यांनी ठरवला. घरात वाट्या आपटून पाहिल्या, बाथरूममध्ये ओल्या टॉवेलने भिंती बडवल्या. त्यांच्या बायकोने, स्मिताबाईंनी, ते सगळं सोसलं. पण कारखान्यातल्या जुन्या मित्रांना नंदकुमारांनी यातलं काही सांगितलं नाही. बासष्टाव्या वर्षी माणूस लहान मुलांच्या चित्रांत 'फुस्स' लिहितो हे सांगायचं कसं, असं त्यांना वाटायचं. मुलगा ऋषी पुण्याला असतो, तो फोनवर थट्टा करायचा. नंदकुमारही हसण्यावारी न्यायचे.

क्षिप्राने शुक्रवारी सकाळी बातमी ऑनलाइन जाहीर केली. संध्याकाळी ती फोन घेऊन गुरवांकडे आली, कारण ते स्वतः असल्या कुठल्या ॲपवर नव्हते. तिला वाटलं होतं लोक हळहळतील, काही जण चिडतील. तसे थोडे होतेही. पण बहुतेकांनी आपापल्या कपाटाचे फोटो टाकले होते. एकतीसच्या एकतीस भाग ओळीने लावलेले, आणि खाली लिहिलेलं, 'माझ्याकडे सगळे आहेत.' लातूरच्या एका मुलीने लिहिलं होतं, की तिने भांडून गावातल्या वाचनालयाला चिंबोरीची पुस्तकं घ्यायला लावली आणि आता त्यांची पानं सुटायला आलीत इतकी ती फिरलीत. चिपळूणच्या एका बाईने लिहिलं होतं, की तिचा मुलगा फाटक लावताना स्वतःच 'घण्ण' म्हणतो. राहिलेल्या दोन भागांच्या चोरट्या प्रती कुठे मिळतील असं एकाने विचारलं, तर वीस जणांनी त्याला समजावलं होतं, की चिंबोरीचे वाचक असं करत नाहीत.

स्मिताबाईंनी ते फाटकाचं दोनदा वाचायला लावलं. नंदकुमार चष्मा पुसत बसले.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी क्षिप्राने ऑफिस सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. नंदकुमार जायला तयार नव्हते. लोक क्षिप्राला आणि मैत्रीला भेटायला येणार, आपलं तिथे काय, असं त्यांचं म्हणणं. स्मिताबाईंनी इस्त्रीचा शर्ट काढून पलंगावर ठेवला आणि त्या स्वतः साडी नेसून दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना निघावं लागलं.

अकरा वाजता जिन्यातच रांग होती. कॉलेजची पोरं होती, एक नर्स होती, उरणहून आलेलं एक कोळी कुटुंब होतं, आणि वरद नावाचा एक उंच मुलगा इंजिन दुरुस्त करणाऱ्या थोरल्या बहिणीसारखा निळा डगला घालून आला होता. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. नंदकुमार आतल्या खोलीत खोक्यांशेजारी स्टूल घेऊन बसले. बाहेर लोक मैत्रीकडून सह्या घेत होते. तास-दीड तास त्यांच्याकडे कोणी आलं नाही, आणि त्यांना त्याचं बरंच वाटत होतं.

मग क्षिप्रा एका मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन आत आली. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, डोक्याला फिकट हिरवा स्कार्फ, काखेत जाडजूड वही. वडील पन्नाशीचे. त्यांनी हात पुढे केला.

"मी सुलेमान खोत. नावड्याला राहतो, एपीएमसीत फळांचा गाळा हाय आपला. ही माझी मुस्कान. तिला तुमच्याशी बोलायचंय."

मुस्कान जन्मापासून ऐकू शकत नव्हती. तळोज्याच्या एका कंपनीत ती मशिनच्या भागांचे नकाशे काढायची. वडिलांशी खुणांनी बोलायची, बाकीच्यांशी फोनवर लिहून. सुलेमानभाईंनी सांगितलं, की चिंबोरीचं पहिलं पुस्तक घरी आलं तेव्हा त्यांनी ते उचलून सवयीने उजवीकडून उघडलं आणि वाचत गेले. मांगा उजवीकडूनच वाचायचा असतो. 'थांबा, तुम्ही पुस्तक उलटं उघडलंय' ही सूचना त्यांना अगदी शेवटी, मागच्या पानावर दिसली. घरात सगळे उर्दू वाचणारे, त्यामुळे त्यांच्याकडे ते पुस्तक कोणीच उलटं उघडलं नव्हतं. हे सांगताना ते खूश होते.

मुस्कानने वही उघडून नंदकुमारांच्या मांडीवर ठेवली.

तिच्यात सगळे आवाज होते. पहिल्या भागापासून एकतिसाव्यापर्यंत, अकराशे चाळीस. प्रत्येकापुढे भाग, पान, चित्रात काय घडतंय, अक्षरं केवढी आहेत, थरथरती की सरळ. शेवटच्या रकान्यात सुलेमानभाईंनी सांगितलेलं: हा आवाज कधी येतो, कुठून येतो, तो ऐकून माणूस काय करतो. नंदकुमार पानं उलटत राहिले. आपण इतके शब्द केले हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. बोटीच्या तळाला लाटा लागतात तो 'चुबुक'. थंड इंजिन पहिल्यांदा स्टार्ट घेतं तो 'खर्र्-खुक्'. दुधावरची साय चमच्याने मोडते त्याला त्यांनी तीन दिवस शोधून काही लिहिलंच नव्हतं, चित्रातली ती जागा मोकळी सोडली होती. मुस्कानने तीसुद्धा नोंदवली होती. 'इथे आवाज नाही. मुद्दाम?'

"मुद्दाम," नंदकुमार म्हणाले. सुलेमानभाईंनी ते हातांनी सांगितलं. मुलीने मान डोलावून तिथे टिक केली.

त्यांनी तिला विचारलं, की हे सगळं कशासाठी. तिने फोनवर लिहून दाखवलं: 'लोक मला सांगतात, मोठा आवाज झाला, बारीक आवाज झाला. एवढंच. तुमच्या पुस्तकात कळतं की कसा. मला ऐकू यावं असं वाटत नाही, काका. पण बाकीचे कशाला दचकतात ते कळायला हवं.'

नंदकुमारांना वाटलं, आता ही आपले आभार मानणार. ते तयार होऊन बसले. पण तिने वहीची शेवटची पानं उघडली. तिथे लाल शाईत चौदा हरकती होत्या.

सातवी हरकत अशी: बहिणींच्या मालिकेच्या पाचव्या भागात वादळात बोटीवरची ताडपत्री सुटते. तिथे लिहिलंय 'फडफड'. पण पहिल्या मालिकेत कबूतर उडतं तिथेही 'फडफड'च आहे, अक्षरंही तेवढीच. कबूतर किती वजनाचं आणि ताडपत्री किती वजनाची? सुलेमानभाई रोज ट्रकवरच्या ताडपत्र्या बघतात, त्यांनी तिला सांगितलं होतं, की सुटलेली ताडपत्री 'फटाक फटाक' करते आणि तिच्या टप्प्यात माणूस उभा राहत नाही.

तो आठवडा नंदकुमारांना आठवला. स्मिताबाईंचं ऑपरेशन होतं, ते हॉस्पिटलच्या बाकावर बसून पानं उरकत होते, आणि ताडपत्रीशी आले तेव्हा फार विचार न करता जुना शब्द टाकून मोकळे झाले होते. मैत्रीच्या लक्षात आलं नव्हतं, क्षिप्राच्याही नाही. इतके दिवस ते फक्त त्यांना एकट्याला माहीत होतं.

"तिला सांगा, चुकलं माझं," ते सुलेमानभाईंना म्हणाले. "फडफड नाही. ती बरोबर आहे."

सुलेमानभाईंनी सांगितलं. मुस्कानने हरकतीपुढे बरोबरची खूण केली आणि आठवीवर बोट ठेवलं.

दोन तास ते दोघे तसेच बसले होते. चौदापैकी नऊ नंदकुमारांनी मान्य केल्या, तीन नाकारल्या आणि दोनवर भांडण झालं. भांडणाचा आवाज ऐकून बाहेरचे लोक आत आले. उरणच्या कोळीणबाई म्हणाल्या, जाळं पाण्यात पडतं तेव्हा 'छप' नाही होत, 'झप्' होतं, तुम्ही कधी टाकलंय का जाळं. नर्सने ऑक्सिजनच्या सिलेंडरबद्दल काही सांगितलं. वरदने निळ्या डगल्याच्या बाह्या वर करून टेबलावर पाना आपटून दाखवला, आणि मुस्कानने टेबलावर तळहात ठेवून त्याला खुणेने पुन्हा आपटायला लावला. सकाळपासून चेहरे पाडून आलेली मंडळी आता शब्दांवरून हमरीतुमरीवर आली होती. सहीसाठी मैत्रीपुढची रांग कधी मोडली ते कळलंही नाही. क्षिप्रा दाराला टेकून उभी होती. ती स्मिताबाईंना म्हणाली, की आपण एवढं काही करून ठेवलंय हे तिला आज कळतंय.

त्या दुपारी ठरलं ते असं, की वही पुरी करायची. अकराशे चाळीस आवाज वाचकांनी आपापसात वाटून घ्यायचे. ज्याच्या वाट्याला जो येईल त्याने तो आवाज कानांनी ऐकून यायचं, जमेल तर हात लावून यायचं, आणि मुस्कानला कळवायचं. तिला पटला तर राहील, नाही तर नवा शब्द शोधायचा. शेवटची तपासणी नंदकुमारांची. नाव लिहून द्यायला रांग पुन्हा जिन्यापर्यंत गेली.

चिंबोरी मार्चअखेर बंद झालीच. राहिलेली पुस्तकं वाचनालयांना गेली, ऑफिसच्या जागेत आता कोणाचे तरी क्लासेस आहेत. क्षिप्राने नोकरी धरली. बहिणींच्या गोष्टीचा शेवट मराठीत छापला गेला नाही.

वही मात्र वाढत गेली. लातूरच्या मुलीने तीन वेगवेगळ्या विहिरींत दगड टाकून तीन शब्द पाठवले. एक जण पहाटे उठून खाडीवर गेला आणि रोहित पक्षी चिखलातून चालताना कसा आवाज होतो ते लिहून आला. वरदचा पान्याचा शब्द मुस्कानने चार वेळा परत पाठवला, पाचव्यांदा ठेवला, तेव्हा त्याने सगळ्यांना तो असा कळवला जणू परीक्षेत पहिला आला. मे महिन्यात कारखान्यातले जुने मित्र जमले, तिथे नंदकुमारांनी स्वतःहून विषय काढला आणि बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे सहा शब्द त्यांच्याकडून घेऊन आले.

मुस्कानला रविवारी सुटी असते. दर रविवारी नंदकुमार बसने नावड्याला जातात. सुलेमानभाई गाळ्यावरून आलेले असले तर मध्ये बसून दोघांचं बोलणं पोचवतात, नसले तर फोनवर लिहून काम भागतं. नंदकुमारांना आता चाळीसेक खुणा येतात. 'चूक' ही त्यांनी सगळ्यात आधी शिकली, कारण तीच जास्त लागायची.

परवा ते घरी आले ते शीळ घालत. स्मिताबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, आज काय विशेष.

"आज माझे तीन शब्द नापास केले तिने," नंदकुमार चप्पल काढत म्हणाले.

"अहो, मग एवढं खूश व्हायला काय झालं?"

"अकराशे चाळीसातले तीन हेरून काढायचे म्हणजे किती बारीक वाचावं लागत असेल, स्मिता." त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर पसरला, पेन शोधलं आणि नापास झालेल्या पहिल्या शब्दासाठी स्मिताबाईंना जरा ताटाचं झाकण पातेल्यावर ठेवून दाखवायला सांगितलं. सावकाश, एकदा इकडून आणि एकदा तिकडून.