रिकाम्या खुर्च्यांचा मान

नवरा गेल्यावर नऊ वर्षं बंद पडलेलं त्याचं केस कापायचं दुकान मी तोक्योहून आलेल्या मिनोरीला दिलं. तिनं तिथं कॉफी सुरू केली, पण दाढीच्या तिन्ही खुर्च्या तशाच ठेवल्या. त्या खिडकीत दिवा लागला तेव्हा मी भर रस्त्यात रडले.

महिना झाला, तरी दुकानात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

"आजी, गावाला मी आवडत नाही का?" मिनोरीनं विचारलं. "असंच चाललं तर महिनाअखेर परत जाते."

तो दिवा मला पुन्हा विझायला नको होता. मी तडक आमचे गावप्रमुख गोन्दासान यांच्या मुळ्याच्या वाफ्यात जाऊन उभी राहिले.

"कॉफी प्यायला का जात नाही हो तुम्ही?"

"मी? त्या खुर्च्या पाहुण्यांच्या! शहरातून माणसं येणार आणि आपण म्हाताऱ्यांनी तिथं ठाण मांडून बसायचं? शोभतं का?"

अख्ख्या गावानं हाच विचार केला होता. रोज दारावरून जाताना कमरेत वाकून नमस्कार करायचा आणि पुढं निघायचं. सभ्यपणापायी पोरीचा धंदा बुडवायला निघालेलं गाव! आत तर मीही गेले नव्हते, पण ते गोन्दासानना कशाला सांगा.

"उद्यापासून कॉफी पिणं हे गावकाम, घरटी एक माणूस आलाच पाहिजे," मी ठणकावलं.

ही भाषा त्यांना कळली. गावच्या भोंग्यावरून पुकारा झाला. दुकान उघडायचं दहाला, पण अकरा म्हातारेकोतारे सहालाच हजर. गळ्यात टॉवेल, पायात गमबूट, हातात विळे. पाट साफ करायचा असो की कॉफी प्यायची असो, गावकाम ते गावकाम.

दहाच्या सुमारास तोक्योची एक गाडी थांबली.

"एवढी रांग? म्हणजे भारीच असणार!" म्हणत चौघं मागं उभे राहिले.

पाहुणे उभे! आमची मंडळी कासावीस झाली. "आधी तुम्ही, आधी तुम्ही," करत सगळ्यांनी त्यांना पुढं घातलं. मागून दुसरी गाडी आली, तिच्यातल्यांनाही घातलं. रांग काही हलेना, आणि रांग बघून गाड्या थांबायच्या थांबेनात.

याला आता दोन वर्षं झाली. मिनोरी इथंच आहे. मी रोज रांगेत असते, पण माझी पाळी आली की मागं कुणी ना कुणी पाहुणा निघतोच. कॉफीची चव मला अजून ठाऊक नाही.

"आजी, आज तरी बसा की!" मिनोरी आतून ओरडते.

"आधी गिऱ्हाईक," मी म्हणते.

माझा नवराही हेच म्हणायचा. चाळीस वर्षांत माझे केस कापायला काही त्याला सवड झाली नाही.