धाकटीचा कोट

फोन वाजला तेव्हा मास्तरांची कात्री कापडात होती. एकदा कात्री लागली की टोक गाठेपर्यंत थांबायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा त्यांनी उचलला. दवाखान्यातून बोलत होते. बटणं आणायला गेलेली बायको दुकानाच्या पायरीवरच कोसळली होती. मास्तर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला बावीस दिवस झाले. शिवणखोलीत खिडकीशी तिचा कॉम्प्युटर होता. ती त्यावर कपड्यांचे पॅटर्न काढायची, मास्तर त्यावरून कापड कापायचे. छापलेले कागद गिऱ्हाइकाच्या नावानं खिळ्यांना टांगलेले असत. फक्त तिच्या धाकट्या बहिणीचा कागद कधी टांगला गेला नाही. धाकटीची पाठ लहानपणापासून वाकडी, उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं वर. तो आकार भिंतीवर लोकांनी बघावा, हे तिला नको असायचं.

धाकटी एका शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायची आणि येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होती. निरोपाच्या दिवशी अंगाला नीट बसणारा कोट घालूनच जायचं, असं बहिणीनं तिला बजावलं होतं. जन्मातला पहिला कोट. कापड आलं होतं, पॅटर्न काढून झाला होता, छापायचा तेवढा राहिला होता. आणि कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता.

"रोज अडतोय आणि भावोजी, तुम्ही मला आज सांगताय?" धाकटीनं आल्या आल्या विचारलं.

"तुझं दुःख काय कमी आहे? त्यात हे गाऱ्हाणं कशाला?"

"शाळेतले वीस खटारे हाकते मी. हा एकविसावा."

कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली त्यावर तिनंच घालून दिली होती. तिनं बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरलं आणि फिरतच राहिलं. तिनं एक कळ दाबली तशा चक्रामागच्या पांढऱ्या ओळी दिसू लागल्या. शेवटच्या ओळीत सेकंद वाढत होते.

"बिघडला का गं?"

"नाही. वाट बघतोय." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "ताई एकदा बाहेरची डिस्क न जोडताच कामाला बसली आणि दिवसभराचं काम भलतीकडे जाऊन पडलं. तेव्हा मीच याला सांगून ठेवलं, ती डिस्क सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही, कितीही वेळ लागो. सगळे पॅटर्न तिच्यावरच आहेत."

"मग आता?"

धाकटीनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला, एक फाइल उघडली आणि डिस्कच्या ओळीआधी खूण केली. "आता ही ओळ तो वाचणारच नाही." पेनड्राइव्ह काढून पुन्हा बटण दाबलं. या वेळी कॉम्प्युटर सरळ सुरू झाला. पॅटर्नचा फोल्डर उघडला, तर रिकामा.

"घाबरू नका, रिकामा असणारच. आता डिस्क द्या. तळहाताएवढी, काळी. धागे-धुरळा जाऊ नये म्हणून ताईनं तिला कापूस भरून गादीसारखं कव्हर शिवलं होतं. निळ्या फुलांचं."

मास्तर उभे होते ते स्टुलावर बसले.

"वरून दोन टाचण्या खोचलेल्या?"

"हो, तेच. सापडली होती का?"

"ती टाचण्यांची गादी नव्हती?"

धाकटीनं खुर्ची त्यांच्याकडे फिरवली.

"तिला स्मशानात न्यायच्या आधी कुणीतरी म्हणालं, आवडीची वस्तू बरोबर ठेवा," मास्तर म्हणाले. "मी टेबलावरून तिचं सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान घेतलं. आणि ती गादी. मागची वायर उपसून टाकली, म्हटलं कशात तरी अडकलीय. दोन्ही तिच्या हाताशी ठेवलं."

"भावोजी, चाळीस वर्षं शिवणकाम करताय. टाचण्यांची गादी एवढी जड असते?"

"जड लागली. मला वाटलं, आज तिची कुठलीही वस्तू जडच लागणार."

धाकटीला हसू फुटलं. मग तोंडावर हात दाबून ती बराच वेळ रडली. मास्तरांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारी बसून राहिले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"जाऊ दे," शेवटी ती म्हणाली. "जुनाच ब्लाउज घालून जाईन. इतकी वर्षं काय नागडी फिरत होते?"

"कापड घरात आहे. मी बेतेन."

"तुम्ही कापता. बेतायची ती."

"शिकेन. उभी राहा."

मास्तरांनी टेप गळ्यात घातला, वही उघडली. बाहीचं माप घेतलं, मनगटाचं घेतलं, छातीचं तिनं स्वतःच टेप धरून सांगितलं. मग ते तिच्या मागे गेले. टेपचं टोक मानेच्या हाडाशी आलं आणि तिचं अंग आक्रसलं.

"तिथं ताईशिवाय कुणी हात नाही लावला, भावोजी. मी मोठी झाल्यावर आईसुद्धा लावायची नाही."

"मग राहू दे का?"

"आज राहू दे."

धाकटी संध्याकाळी गेली. कोटाचं कापड टेबलावर घडी करून ठेवलेलं आहे. वहीत बाहीचं माप आहे, मनगटाचं आहे, छातीचं आहे. पाठीचं माप घ्यायचं राहिलं आहे.