तेविसावी ठमी

शर्यतीचा निकाल लागला आणि बाबा एका दुपारीत म्हातारे झाले. तसे ते पंचाहत्तरीचे होतेच, पण फक्त कागदोपत्री. गच्चीवरच्या अकरा कबुतरांसाठी दिवसातून सहा वेळा तीन जिने चढणाऱ्या माणसाला म्हातारा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

कबुतरांच्या शर्यतीचं त्यांचं एक मंडळ होतं. सगळे निवृत्त, म्हणून शर्यत गुरुवारी. पहाटे तेवीस कबुतरं टेम्पोतून लांबच्या टेकडीवर न्यायची, एकदम सोडायची आणि मग प्रत्येकानं आपापल्या गच्चीवर आभाळाकडे डोळे लावून बसायचं. ज्याचं पाखरू आधी घरी, तो जिंकला. पूर्वी वेळा वहीत लिहायचे आणि नंतर आठवडाभर त्या वहीवरून भांडायचे. ही भांडणं एकदाची मिटावीत म्हणून बाबांच्या सुनेनं मंडळाला मोबाइलचं ॲप करून दिलं. ॲप बनवणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग, तोही घरी बसून. कबूतर आलं की त्याच्या पायातल्या कड्याचा नंबर मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरायचा, वेळ आपोआप नोंदली जायची.

निकालाच्या पानावर आधी वेळही दिसायची. पण ‘अक्षरं मुंगीएवढी आहेत’ अशी मंडळानं ओरड केली, तेव्हा तिनं वेळेचा रकाना काढून टाकला आणि नावं दुप्पट मोठी केली. मंडळ खूश. चार शर्यती बिनबोभाट पार पडल्या.

पाचव्या शर्यतीत बाबांची ठमी तेविसावी आली. तेविसांत तेविसावी.

“असं कसं? ती दहाला दोन मिनिटं कमी असताना आली,” बाबा म्हणाले. “मी घड्याळ बघितलंय.”

मंडळाचा अध्यक्ष होता बेकरीवाला. बेकरी मुलीच्या गळ्यात घालून मोकळा झालेला, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या पोटाचा. तो फोनवर इतका हसला की शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं. “दहाच्या आत? अहो, आपल्या मंडळात आजवर एक पाखरू दहाच्या आत आलेलं नाही! बाविसावं माझं आहे, ते आलं बारा चाळीसला. म्हणजे तुमची ठमी एकच्या सुमारास आली असणार. डुलकी लागली असेल तुम्हाला.”

बाबांनी सुनेकडे पाहिलं. आणि सून, जी एरवी त्यांची बाजू घेऊन नवऱ्याशीही भांडायची, ती म्हणाली, “बाबा, मशीन कशाला खोटं बोलेल? तुमचीच काहीतरी गल्लत झाली असेल.”

बाबा यावर वाद घालतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी उलट भिंतीवरचं आणि मनगटावरचं घड्याळ ताडून बघितलं.

कारण गेल्या महिन्यात त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. घरच्यांनी त्यावर पोट धरून हसून घेतलं होतं, बाबा मात्र हसले नव्हते. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी घरच्यांनाच विचारायचे, आपण कोण? त्याचीही सुरुवात अशीच, किल्ल्या आणि चष्म्यांपासून झाली होती. बाबांना मरणाची भीती नव्हती, पण या एका गोष्टीनं त्यांची पाचावर धारण बसायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

शुक्रवारी चहा पिताना त्यांनी जाहीर करून टाकलं, “पाखरं बेकरीवाल्याला देतोय. उद्या चार वाजता पिंजरे घेऊन येईल. दाणापाणी वेळेवर लागतं त्यांना. ज्याला वेळ आठवत नाही, त्यानं मुकी पाखरं ठेवू नयेत.”

एवढं बोलून ते गच्चीवर निघून गेले. चहा तसाच राहिला.

शनिवारी दुपारी सून आपल्या खोलीत जायला निघाली, तेव्हा दारावर तिनेच चिकटवलेली पिवळी चिठ्ठी दिसली: ‘दहाला मीटिंग. कृपया आत येऊ नये.’ गुरुवारची चिठ्ठी, काढायची राहून गेलेली. ती वाचता वाचता तिचा हात कडीवरच थांबला. गुरुवारी हेच दार उघडून बाबा आत आले होते. केसांत पीस अडकलेलं, हातात ठमी, तोंडभर हसू. आणि तिनं ओठांवर बोट ठेवून म्हटलं होतं, “बाबा, दहाला मीटिंग आहे, नंतर सांगा!”

म्हणजे तेव्हा दहा वाजायचे होते!

तोंडात मारल्यासारखी ती उभी राहिली. साक्षीदार ती स्वतः होती, आणि साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मशीनचं वकीलपत्र घेऊन बसली होती.

तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, फोन जोडला. डेटाबेसमध्ये ठमीची नोंद होती, वेळ स्वच्छ लिहिलेली: ९:५८. बाबांचा शब्द अगदी मिनिटाला मिनिट बरोबर. तिनं डेटाबेसला पुन्हा तोच प्रश्न विचारला, ज्याला तिच्या धंद्यात क्वेरी म्हणतात: सगळी कबुतरं वेळेनुसार लाव. फोननं ठमीला पुन्हा निमूटपणे तेविसावं बसवलं. तिनं ॲप काढून परत टाकलं, फोन बंद करून चालू केला, सासूबाईंच्या फोनवर करून बघितलं. ठमी आपली तेविसावीच. तीच यादी लॅपटॉपवरच्या तक्त्यात चिकटवून वेळेनुसार लावली, तर ठमी पहिली!

“याला काय वेड लागलंय का?” ती फोनवर खेकसली. साडेतीन वाजले होते.

समोर सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांची उभी हयात ग्रंथालयात कार्डं लावण्यात गेली होती. त्यांनी फोन हातात घेऊन लांब धरला आणि वेळांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

“ही कार्डं कुणी लावली? आमच्या ग्रंथालयातली बाई दिसतेय.”

“म्हणजे?”

“अगं, कार्ड लावताना पहिलं अक्षर बघायचं. पुस्तक केवढं आहे ते कशाला बघायचं? हे बघ. दहा, अकरा, बारा, सगळे एकनं सुरू होतात, म्हणून आधी. नऊ सुरू होतो नऊनं, म्हणून बिचारा शेवटी.”

सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. वेळ तिनं आकडा म्हणून ठेवलीच नव्हती, अक्षरं म्हणून ठेवली होती. लॅपटॉपच्या तक्त्यानं ती वेळ आहे हे आपलं आपण ओळखलं, आणि फोननं सांगितलं तेवढंच केलं. आधीच्या चारही शर्यतींत सगळी कबुतरं दहा ते एकच्या दरम्यान आली, त्यामुळे चूक झाकून राहिली. ती उघडी पाडायला दहाच्या आत घर गाठणारं पाखरूच हवं होतं!

“आई, तुम्ही ग्रेट आहात!”

“ते मला माहीत आहे. तू आधी ते नीट कर.”

तिनं प्रत्येक वेळेची मिनिटं करून टाकली, मध्यरात्रीपासून मोजलेली. ठमी पाचशे अठ्ठ्याण्णव, तिच्या मागचं कबूतर सहाशे अकरा. एवढ्यात जिन्यात पिंजरे आपटल्याचा आवाज आला. फोन घेऊन ती अनवाणीच गच्चीवर धावली.

वर बेकरीवाला वही उघडून घाम पुसत बसला होता आणि बाबा सांगत होते, “हा डाव्या पंखावर ठिपका असलेला, याला मका चालत नाही. ही मागच्या पावसाळ्यात आजारी होती, हिला पाणी कोमट. या दोघांना शेजारी ठेवायचं नाही, गेल्या वर्षीपासून अबोला आहे.”

“अहो, हळू सांगा! माझ्या लक्षात राहत नाही,” बेकरीवाला कुरकुरला.

“थांबा,” सून धापा टाकत म्हणाली. “पिंजरे बंद ठेवा. चूक ॲपची आहे. म्हणजे माझी.”

बेकरीवाल्यानं डोळे बारीक केले. “सासऱ्यासाठी निकाल फिरवलास की काय?”

तिनं वेळांसकट सगळी यादी त्याच्या हातात दिली. त्यानं ती बोट ठेवून दोनदा वाचली. मग त्याचा चेहरा पडला. “मग तेविसावं कोण?”

“तुमचं.”

बाबा हसतील असं तिला वाटलं. ते पालथ्या बादलीवर बसले.

“म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नाही, बाबा. तुम्ही मला सांगायलाही आला होतात. मीच ऐकलं नाही. माझं चुकलं.”

बाबांनी बाहीनं डोळे पुसले. मग ते असे काही खदखदून हसले की दोन कबुतरं दचकून कठड्यावर जाऊन बसली. शेवटी बेकरीवालाही हसला. रिकामे पिंजरे खांद्यावर टाकून तो जिना उतरला, पण जाताना बाबांकडून शर्यतीच्या वेळांची जुनी वही मात्र मागून घेऊन गेला.

पुढच्या गुरुवारी दहाला सात मिनिटं कमी असताना सुनेच्या खोलीचं दार वाजलं. मीटिंग आज लवकरच सुरू झाली होती. तिनं पलीकडच्या साहेबांना “एक मिनिट” म्हटलं, कानांवरचा हेडफोन काढला आणि खुर्ची वळवली.

“सांगा, बाबा. आली ठमी?”

“नाही गं, अजून नाही. आभाळात काही दिसतच नाहीये. माझा चष्मा बघितलास का?”

“फ्रिजमध्ये बघा.”

बाबा बघून आले आणि गार चष्मा नाकावर चढवून हसत हसत गच्चीकडे पळाले.