टोळी मोठी झाली

सकाळी कुलूप काढून नायकानं आत पाऊल टाकलं. निम्मा कारखाना गायब होता.

निम्मा म्हणजे अगदी निम्मा, पट्टी ठेवून कापल्यासारखा. डाव्या बाजूची शिलाई मशीनं जागच्या जागी होती, अर्धवट शिवलेले तंबू त्यांच्यावर तसेच लोंबत होते. उजवीकडे मात्र मोकळी फरशी. मशीनं नाहीत, कापडाचे तागे नाहीत, कात्र्या नाहीत. त्याच्या भागीदाराचं बसायचं स्टूल, ज्याचा एक पाय आखूड म्हणून सगळे हसायचे, तेही नाही.

 "चोर! चोर!" नायक ओरडला. कालच तर कामगारांना आणि अख्ख्या गल्लीला जेवण घातलं होतं. इतक्या वर्षांत आली नव्हती एवढी मोठी ऑर्डर आली होती. शाळांच्या सहलींसाठी तंबू, आणि तेही पुढच्या सुट्टीच्या आत. आता काय डोंबल शिवणार, आणि कशावर?

शेजारची दोरवाली दारात येऊन उभी राहिली. तंबूंना लागणारे दोर तिच्याकडूनच यायचे. तिनं आत नजर फिरवली आणि तिला चक्क हसू फुटलं.

"हसतेस काय? चोरी झालीय माझ्याकडे!"

"चोर जाताना झाडू मारून जातात होय रे?"

नायकानं खाली पाहिलं. फरशी लख्ख होती. मशीनं जिथं जमिनीत बसवली होती तिथली भोकं सिमेंटनं बुजवून वरून हात फिरवलेला. भिंतीवरचे खिळे काढलेले, आणि खिळ्यांच्या भोकांत लांबीचा लगदा भरलेला. तो अजून ओलाच होता. आता मात्र त्याच्या पायाखालची जमीन खरोखर सरकली. कारण जागा अशी सोडून जाणारी माणसं जगात एकाच शाळेची असतात, आणि त्या शाळेचा तो स्वतः विद्यार्थी होता.

इथं थोडं मागं जायला हवं. नायक हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लहानपणी तो शाळेतल्या सरांच्या स्काऊट पथकात टोळीनायक होता, आणि ते बिरूद त्याला असं चिकटलं की बायकोसुद्धा भांडताना "अहो नायक" म्हणूनच सुरुवात करायची. त्याच टोळीतला उपनायक म्हणजे त्याचा भागीदार. त्याला सगळे नुसतं 'उप' म्हणत. जावयाला मान म्हणून सासूबाई 'उपराव' म्हणायच्या, आणि बिचारा तेवढ्यावर खूश असायचा. नायक गिऱ्हाइकांशी बोलायचा, उप तंबू उभे करायचा. तंबूच्या कोपऱ्याची ती दुहेरी शिवण, जिच्यामुळे वाऱ्यातही कापड उसवत नसे, ती उपनं शोधली होती. गिऱ्हाइकांना मात्र ती 'आमची शिवण' म्हणून नायक दाखवायचा. त्यात आपण काही चोरतोय असं त्याला कधी वाटलं नाही. टोळीतलं सगळं टोळीचंच असतं, नाही का?

सर पथकाला दोनच गोष्टी घोकून घोकून शिकवायचे. एक, मुक्काम हलवताना आपण तिथं होतो हे गवतालाही कळता कामा नये. दुसरी त्यांच्या पथकाची स्वतःची रीत होती, इतर कुठल्या पथकात ती असेल असं वाटत नाही.

"अभिनंदन!" दोरवालीनं डावा हात पुढं केला. तीही त्याच पथकातली, आणि ही सगळी स्काऊट मंडळी म्हातारी झाली तरी हस्तांदोलन डाव्या हातानंच करायची. "शेवटी म्हणालास बाबा. आम्हाला वाटलं होतं, ते शब्द पोटात घेऊनच तू वर जाणार."

"काय म्हणालो मी?"

"काल जेवताना! टेबलावर चढून काय म्हणालास?"

काय म्हणाला होता? जेवण भरपेट झालं होतं, ऑर्डर खिशात होती, माणसं टाळ्या वाजवत होती. तो टेबलावर चढला होता आणि हात पसरून गरजला होता, "मंडळी, आपली टोळी मोठी झाली!"



सरांच्या पथकात हे शब्द उगाच उच्चारायचे नसत. टोळी आठांची. नववा आला, दहावा आला की कधीतरी टोळीनायकानं सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, 'टोळी मोठी झाली.' बस्स, एवढंच. मग उपनायकानं निम्मी मुलं, निम्मं सामान घ्यायचं आणि सकाळच्या शिट्टीच्या आत दुसरीकडे स्वतःचा तळ ठोकायचा. विचारायचं नाही, निरोप घ्यायचा नाही, मागे कचरा ठेवायचा नाही. शब्द फक्त नायकानंच उच्चारायचे. उपनायकानं मागायचे नाहीत. "ज्याला मागावं लागतं त्याला मिळालेलं नसतं," असं काहीतरी सर म्हणायचे.

आणि मुलं मोठी होऊन धंद्याला लागली तरी ही रीत सुटली नाही. ही अख्खी गल्ली अशीच वसली होती. छत्रीवाल्याकडे माणसं वाढली तेव्हा तो म्हणाला, आणि त्याची उपनायिका उठून शेजारी दोर वळायला लागली. तीच ही दोरवाली. तिच्याकडून निघालेला एकजण आता पलीकडे जाळी विणतो. खुंट्या ठोकणारा लोहार असाच, पाठपिशव्यावाला असाच. कोणी कोणाचं गिऱ्हाईक पळवलं नाही, उलट एकाचा माल दुसऱ्याला लागत गेला. जिथं पूर्वी बंद गोदामांची रांग होती तिथं आज सकाळी चालायला जागा मिळत नाही. एकट्या नायकाचा कारखाना मात्र कधी फुटला नव्हता. माणसं आठाची सोळा झाली, सोळाची त्याहून जास्त, आणि नायक काही बोलायचा नाही. विसरला होता की विसरल्यासारखं करत होता, ते त्यालाच ठाऊक.

"अगं, मी आपला सहज म्हणालो गं!" तो कसाबसा म्हणाला.

दोरवालीचं हसू मावळलं. "हे त्याला जाऊन सांग," ती म्हणाली. "जुन्या बर्फाच्या कारखान्यात आहे तो."

गल्लीच्या तोंडाशी त्याच्याकडे कापड कापणारा कटिंग मास्तर भेटला. नायक त्याच्यावर खेकसला, "रातोरात माझा कारखाना उचलून नेला, आणि एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

"नायक," मास्तर गोंधळून म्हणाला, "तुम्हीच तर आम्हाला सांगितलंत."

वाटेत नायकाला काल संध्याकाळचा उप आठवला. नायक टेबलावरून उतरल्याबरोबर तो पुढं आला होता, नायकाचा डावा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला होता, डोळे भरलेले. नायकानं त्याच्या पाठीत थाप मारून म्हटलं होतं, "काय रे, भाजी तिखट लागली वाटतं?" आठवून त्याला भर रस्त्यात शरम वाटली, आणि शरमेचा रागच झाला, जसा नेहमी होतो. काय बोलायचं ते त्यानं पक्कं केलं. ऑर्डर बुडेल. माणसांच्या पोटावर पाय येईल. परत चल.

बर्फाच्या कारखान्याचं दार सताड उघडं होतं. आत मशीनं ओळीनं बसली होती, चालूही झाली होती. उप गुडघ्यांवर बसून एका मशीनचा पट्टा ताणत होता. नायकाला पाहून तो उठला, हात पुसले.

"निम्मी ऑर्डर मी घेतलीय," नायक तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला. "इथून निम्मे, तिथून निम्मे. वेळेत होतील. तुझ्या बाजूला दुहेरी शिवण येणारी दोघं मुद्दाम ठेवलीत. काळजी करू नकोस."

झालं. येताना बांधलेलं भाषण तिथंच आडवं झालं. मग नायकाच्या तोंडून जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"अरे, मी ते चुकून म्हणालो."

"माहितेय मला."

 "माहितेय?"

"तू टेबलावरून उतरलास तेव्हाच कळलं. भाजीचं विचारलंस ना, तेव्हा." उप शांतपणे बोलत होता, आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि त्यानंच नायकाला जास्त लागलं. "इतकी वर्षं रोज सकाळी वाटायचं, आज म्हणेल. मुद्दाम म्हणाला असतास तर फार बरं वाटलं असतं रे. पण तू म्हणणार नव्हतास. मग चुकून का होईना, म्हणालास. मी उचललं."

"म्हणजे तू मला..."

"परत हवं असेल तर सांग. आत्ता सांग. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर लावतो, मीही येतो. पुन्हा विषय काढणार नाही."

आणि तो काढणार नव्हता, हे नायकाला पक्कं ठाऊक होतं. हा माणूस खरोखर मशीनं उचलून परत आणेल, भोकं पुन्हा पाडेल, त्याच आखूड पायाच्या स्टुलावर बसेल आणि मरेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. सकाळच्या रिकाम्या फरशीनंही नायक एवढा हबकला नव्हता. 'चल' एवढ्या एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द त्याच्या ओठांवर आलाही होता; खोटं कशाला बोला.

"नायक!" मागून हाक आली. "कोपऱ्याला कुठला दोरा लावू?"

नायक सवयीनं वळला. मशीनवरची मुलगी, काल-परवापर्यंत त्याच्याच कारखान्यात मान खाली घालून बसणारी, दोन रिळं उंच धरून उभी होती. ती त्याच्याकडे नाही, उपकडे बघत होती.

 उप नायकाकडे बघत थांबला होता, पथकात थांबायचा तसा, परवानगीसाठी.



"माझ्याकडे काय बघतोस?" नायक म्हणाला. "तुला विचारतेय ती."